चौदावं घर

कोल्हापुरात सरकारनं ठरवलेलं काम होईल की नाही, हे देवालाही सांगता येत नाही. तालमीत ठरलेलं मात्र होतंच. चांगलं असो, वाईट असो, होतं. हंबीरराव वस्तादांच्या तालमीत ठरलं की पुरात गेलेल्या गल्लीला घरं बांधून द्यायची, तेव्हा कुणी अर्ज केला नाही की कुणी निवेदन दिलं नाही. वस्ताद लाल मातीत उभे राहून पोरांना म्हणाले, "रोज सकाळी जोर मारताय, बैठका मारताय, आन् दूध पिऊन झोपताय. त्यापरास चिखल तुडवा. अंगबी हुईल आन् पुण्यबी लागंल."

त्या वर्षी पंचगंगा अशी चढली होती की नदीकाठची ती गल्ली दोन दिवसांत मातीला मिळाली. मातीच्याच भिंती त्या, जाणार कुठं? चौदा कुटुंबं शाळेत नेऊन ठेवली. बघायला मोठमोठी माणसं आली, हळहळली आणि परत गेली. रेशनवरचा मिलो, म्हणजे परदेशी लाल जोंधळा, तेवढा मिळत राहिला. त्या लाल भाकरी गुरांनी हुंगून सोडाव्यात अशा होत्या, पण भुकेला कसली आलीय चव?

शाळेच्या त्या व्हरांड्यात गल्लीतल्या निसारच्या बायकोची, मेहमुदाची, पहिली मुलगी गेली. दवाखान्यात चांगली जन्मली होती. रडायची खणखणीत. व्हरांड्याच्या ओल्या फरशीवर आली आणि काही दिवसांत तिचं रडणं बारीक होत होत थांबलं. त्या रात्रभर मेहमुदाला धरून बसली होती ती शेजारची बायडाबाई. तिचं स्वतःचं म्हणावं असं एक म्हशीचं दावं तेवढं राहिलं होतं. म्हैस पुरात गेली. नवरा आणि मुलगा त्याच्या कितीतरी आधी गेले होते. पहाटे चौकात म्हैस उभी करून गिऱ्हाइकापुढं धार काढून देणारी बाई ती. तोंडानं फटकळ. उधार मागणाऱ्याला ती असं काही बोलायची की तो पैसे देऊन दूध न पिताच जायचा.

तर घरं बांधायची ठरली. उचगावच्या बाजूला माळावर जागा मिळाली. एका वखारवाल्यानं लाकूड दिलं, कुंभारांनी कौलं कबूल केली. आणि काम सुरू व्हायच्या आधी वस्तादांनी चौदाही घरची माणसं तालमीत बोलावली. तालमीत मारुती आणि पीर एकाच छपराखाली, शेजारी शेजारी. वस्ताद म्हणाले, "मी ह्याच्या आदीबी एकदा घरं बांधायला गेलतो. पैल्याच्या डोस्क्यावर कौल आलं आन् त्याचा हात चिखलातनं निघाला. मग दुसऱ्याचा निघाला. शेवटच्या तिघांच्या भिंतींवर गवत उगावलं, ती तिघं अजून उघड्यावर हायती. हितं त्ये हुयाचं न्हाय. पाडव्याला चौदा चौकटी एकदम पुजायच्या. पुजलेल्या दर चौकटीवर कौलं चढल्याबिगार कुणीबी आपला उंबरा वलांडायचा न्हाय. हाय कबूल?"

कबूल नसायला काय झालं? हिंदूंनी बेलभंडारा उचलून आण घेतली. निसारची आई फातिमा आणि इतर मुसलमान घरच्यांनी पिराच्या गलेफावर, त्या कबरीवरच्या चादरीवर, हात ठेवला. वस्तादांना वाटलं, गरिबातल्या गरिबाचं आपण रक्षण केलं. खरंच केलं होतं. माणूस हेतूनं वाईट असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

"कुणाचं शेवटाला धरायचं?" असं वस्तादांनी विचारलं, तेव्हा सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागले. बायडाबाई म्हणाली, "माझं धरा. मी एकटा जीव, कुठंबी पडतो."

पाडव्याला चौदा चौकटी ओळीनं माळावर उभ्या राहिल्या. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसत्या चौकटी. हळदीकुंकू लावलेल्या, आंब्याचे डहाळे बांधलेल्या. बायका आपल्या चौकटीतून इकडून तिकडं बघायच्या आणि हसायच्या. आपल्याकडं चौकट पुजली की घर झालं. भिंत मागनं येते.

मग दर रविवारी तालमीची पोरं यायची. पांढरी माती भिजवायची, त्यात भुसा घालून तुडवायची, थर रचायचे, तो वाळला की दुसरा. आठवडाभर घरची माणसं राबायची. बायडाबाई तर चौदा घरांत राबली. गल्लीतल्याच अंबूबाईच्या भिंतीला पाणी तिनं वाहिलं, निसारच्या घरचा चिखल तिनं तुडवला, कारण निसार फौंड्रीत साच्याच्या कामावर जायचा आणि मेहमुदा पुन्हा पोटुशी होती. "तू वझं उचलायचं न्हाय," तिनं मेहमुदाला दरडावलं होतं. "उचललंस तर तंगडं मोडीन. गेल्या साली झालं त्येवढं बास झालं."

घरं होत गेली. पण वैशाखातच वळवानं झोडपलं. भट्टीत न गेलेली कच्ची कौलं भिजून पुन्हा माती झाली. लग्नसराई आली, जत्रा आल्या, कुस्तीची मैदानं आली. रविवारी पंचवीस पोरं यायची ती दहा झाली, दहाची चार झाली. तालमीचा उत्साह म्हणजे उतू जाणारं दूध. जाळ कमी झाला की खाली बसतं. ओढून ताणून तेराव्या घरावर कौलं चढली आणि पाऊस लागला. बायडाबाईच्या भिंती तेव्हा छातीइतक्या आल्या होत्या. ओल्या थरावर दुसरा ओला थर ठेवला की भिंत पोट काढते आणि बसते. आता दसऱ्यापर्यंत तिला हात लावता येणार नव्हता, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

नव्या सालाची शाळा उघडायची वेळ झाली. वर्षभर व्हरांडे दिले होते, पण आता हेडमास्तरांनी हात जोडले. चौदा कुटुंबं आपलं बोचकं घेऊन माळावर आली, आणि कुठं राहिली म्हणता? आपल्याच घरांच्या समोर, तट्ट्यांच्या आणि पोत्यांच्या खोपी घालून. समोर कौलारू घरं. कोरडी, सारवलेली, चुलीसकट. दारांना कुलपं नव्हती, नुसत्या कड्या घातलेल्या. माणसं पोत्याखाली भिजत बसायची आणि त्या कड्यांकडं बघायची. बाहेरचा कुणी आला असता तर म्हणाला असता, वेडी आहेत की काय ही? पण त्याचा मुलगा तापानं फणफणला असता, आणि त्यानं कधी काळी मुलासाठी देवापुढं शब्द दिला असता, तर त्याला कळलं असतं.

मेहमुदा सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. पुन्हा मुलगी. बाळंत व्हायला जागा होती. बाळ घेऊन यायला जागा नव्हती. निसारनं फौंड्रीतल्या भट्टीजवळ न्यावं का म्हणून विचारलं, तर मुकादम हसला. मुलगी माळावर आली. पश्चिमेकडनं, गगनबावड्याच्या अंगानं पाऊस असा आडवा येत होता की पोत्याचं छप्पर असून नसून सारखंच. शेगडीतला कोळसा धरेना. दुपटी वाळेनात. पहिल्या दिवशी मुलगी रडली, दुसऱ्या दिवशी रडली, मग तिचं रडणं बारीक झालं. मेहमुदानं ते ओळखलं. तिनं ते आधी ऐकलं होतं. ती नुसती फातिमाच्या तोंडाकडं बघत राहिली.

निसार तालमीत गेला. त्याच्या मागोमाग सगळेच गेले, कारण काय ठरतंय याची प्रत्येकाला धास्ती.

"वस्ताद, बाळातिनीपुरतं तेवढं. चार दिस. पोर जरा ऊब धरंपतूर," निसार म्हणाला. तिशीतला दांडगा माणूस, पण हात जोडून उभा होता.

वस्ताद काही बोलायच्या आधी अंबूबाई उठली. तिची सासू दम्यानं खोपीत बसून राहायची, आडवं होता येत नव्हतं. "तिला सोडा, मग माझ्या सासूलाबी सोडा. ती काय धोंडा हाय व्हय?"

मग कुणाच्या नवऱ्याला ताप होता, कुणाचा मुलगा हगवणीनं सुकला होता. सगळ्यांचं खरं होतं, तेच वाईट होतं. खोटं बोलणारा एक जरी असता तरी त्याच्यावर ओरडून मोकळं होता आलं असतं. आवाज चढले, एकमेकांची आई-बहीण निघाली, आणि पुरात एकमेकांना खांद्यावरून काढलेली माणसं एकमेकांच्या अंगावर गेली.

तेव्हा बायडाबाई म्हणाली, "वस्ताद, माझं घर धरू नगा. मला नगंच त्ये. तेरा झाली न्हवं? सोडा समद्यांस्नी."

वस्तादांनी मान हलवली. "बायडाक्का, तुमी नगं म्हणून भागतंय व्हय? चौकट पुजलीया. चौकट उभी हाय तवर घर हाय. आन् भंडारा कशापायी उचलला हुता? तुमच्यासारख्या शेवटच्या मानसापायीच न्हवं? तुमालाच सोडून बाकीची घरात गेली, तर त्या भंडाऱ्याला काय अर्थ ऱ्हायला? आन् भंडारा मोडून आत गेलेल्या घराला घर म्हनत्यात व्हय? लाभंल व्हय त्ये कुणाला?"

बरोबरच होतं. इतकं बरोबर की त्यात एक मुलगी मरणार होती.

निसार तालमीतनं तडक माळावर गेला. स्वतःच्या दारासमोर उभा राहिला. कडीवर हात ठेवला. कडी काढलीही. तेवढ्यात फातिमा धावत आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"सोड अम्मा. पोर मरंल."

"आन मोडून आत न्हेलीस आन् मग गेली तर?" फातिमा म्हणाली. "मग कुनाला बोल लावशील? जलमभर म्हनशील, मीच मारली. पैलीच्या टायमाला पुराला शिव्या देऊन रडलास. आता कुनाला देशील?"

निसारनं कडी परत घातली. दाराला डोकं टेकून तो लहान मुलासारखा हुंदके देत रडला. फातिमाही रडली, पण तिनं त्याचं मनगट सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दूध ओढेना. बायडाबाई खोपीत वाकून आली. तिनं मुलीला घेतलं, पोलक्याच्या आत अंगाशी धरलं, वर लुगड्याचा पदर गुंडाळला आणि बसून राहिली. मुलीचे पाय थंडगार, ओठ जांभळे. म्हातारीच्या अंगात तरी कसली ऊब? तीही रात्रभर भिजलेलीच. बराच वेळ तशी बसल्यावर तिनं विचारलं, "मेहमुदा, तुझ्या घरात चूल घातली न्हवं?"

"घातली की मावशी. तुमीच घातली न्हवं का?"

"सरपान हाय का आत?"

"हाय."

"मग पेटत का न्हाय ती," असं काहीतरी ती पुटपुटली. मुलगी मेहमुदाच्या मांडीवर ठेवली. बाहेर आली, आणि खोपीमागं पडलेला टिकाव उचलला.

पहिला घाव ऐकू आला तेव्हा कुणाला कळलंच नाही काय चाललंय. पावसाच्या आवाजात तो नुसता धप्प असा वाजला. मग दुसरा. अंबूबाईनं पोतं बाजूला करून बघितलं आणि किंचाळली. बायडाबाई स्वतःच्या घराची भिंत पाडत होती.

लोक जमले. ओली भिंत ती, टिकाव लागला की ढेकळं निघत होती. छातीइतकी भिंत कमरेला आली, कमरेची गुडघ्याला आली. ती मधेच थांबून धापा टाकायची, परत घाव घालायची. तिच्या हातनं त्या भिंतीचा एकेक थर रचला गेला होता, तोही इतरांचं काम झाल्यावर, दिवेलागणीच्या आधी मिळेल तेवढ्या वेळात. कुणीतरी सायकल दामटून वस्तादांना बोलवायला गेलं.

"अगं ए बायडे!" अंबूबाई ओरडली. "पुजल्याली चौकट हाय! चौकट उपटनाऱ्याचा वंस बुडतोय!"

"माझा वंस कवाच बुडालाय," बायडाबाई वळूनही न बघता म्हणाली. "बघू की, दुसऱ्यांदा कसा बुडतोय त्यो."

वस्ताद आले तेव्हा दोन्ही बाजूंच्या भिंती पडल्या होत्या आणि चिखलात चौकट तेवढी एकटी उभी होती. हळदीकुंकवाचा डाग अजून लाकडावर होता. बायडाबाईनं टिकाव टाकला आणि दोन्ही हातांनी चौकट हलवून बघितली. हलेना. शिसवाची नव्हती, साधी जांभळीची. पण खाली पुरलेली आणि पहिलवान पोरांनी ठोकून बसवलेली. तिनं खांदा लावला. पाय घसरला, पडली, उठली, परत खांदा लावला.

भोवती पन्नास माणसं उभी होती. त्यात मैदानं मारलेली होती, एका हातानं पोतं उचलणारी होती. एकानंही पुढं होऊन तिला धरलं नाही. एकानंही तिच्या हातातला टिकाव काढून घेतला नाही. मी तर म्हणतो, पापाला भ्याली असतील म्हणून तिला मदत केली नसेल, हे समजू शकतं. पण तिला अडवायला कुठलं पाप लागणार होतं? तिला अडवलं नाही, कारण तिनं ती चौकट पाडावी असंच प्रत्येकाला आतून वाटत होतं. समोर तेरा दारं होती आणि अंगावर पाऊस होता.

निसार तेवढा पुढं आला. त्यानं चौकटीला हात घातला.

"लांब हो!" बायडाबाई कडाडली. "तू लेकुरवाळा हायस. काय लागायचं असंल त्ये मला लागू दे. हात लावलास तर बघ."

तो मागं सरला. तिनं परत टिकाव घेतला आणि चौकटीचं बूड खणायला सुरुवात केली. आता ती रडत होती. चिडून, शिव्या देत, मोठ्यानं रडत होती. नदीला शिव्या, नवऱ्याला शिव्या, त्या म्हशीला शिव्या. खड्डा पाण्यानं भरत होता, ती ओंजळीनं पाणी काढत होती आणि परत खणत होती. शेवटी तिनं पाठ लावून जोर दिला, आणि चौकट कलली, कलत गेली आणि चिखलात उताणी पडली.

बायडाबाई तिच्यावरच पडली होती. तशीच बसली. जरा दम खाऊन म्हणाली, "वस्ताद, मोजा."

वस्ताद पडलेल्या चौकटीकडंच बघत होते.

"मोजा म्हंतो न्हवं! किती चौकटी हायत उभ्या?"

"तेरा," वस्ताद म्हणाले.

"तेराच्या तेरांवर कौलं हायत का?"

"हायत."

"मग बघताय काय माझ्या तोंडाकडं? जावा की!"

मग निसार पळाला. त्यानं कडी काढली, मेहमुदाला आणि मुलीला उचलूनच आत नेलं. त्याच्यामागं अंबूबाई सासूला घेऊन, मग सगळेच. भांडी, बोचकी, मुलं, कोंबड्या. पळताना कुणी मागं बघितलं नाही. थोड्या वेळानं निसारच्या कौलांतनं धूर निघाला. मग बाकीच्या घरांतनं निघाला. सगळ्या माळावर ओल्या सरपणाचा धूर भरला.

फातिमा बायडाबाईला न्यायला आली. हाताला धरून ओढतच नेलं तिला. बायडाबाईनं मुलीला बघितलं. चुलीपुढं, कोरड्या दुपट्यात, मुलगी हातपाय हलवत होती. संध्याकाळपर्यंत ती दूध ओढायला लागली, हे सांगून टाकतो. उगाच तुमचा जीव टांगणीला कशाला? पण बायडाबाई तिथं थांबली नाही. "वल्या लुगड्यानं बाळातिनीपाशी बसू न्हाई," म्हणाली आणि उठली. फातिमा रडून, भांडून दमली. एका खोलीत निसारची दोन शाळकरी भावंडं धरून पाच माणसं आणि बाळ. सहावी कुठं मावणार होती, हे दोघींनाही दिसत होतं.

बाहेर वस्ताद अजून पावसात उभे होते. एवढा मोठा माणूस, पण हात कुठं ठेवावे हे त्यांना कळत नव्हतं. बायडाबाई रिकाम्या झालेल्या खोपींमधनं फिरत होती, कुठली तट्टी कमी फाटकी आहे ते बघत. वस्ताद तिच्या मागं गेले. "बायडाक्का," ते म्हणाले.

तिनं हात वर केला. "काय बोलनार हायसा ठावं हाय मला. दसऱ्यानंतर बांधू म्हननार. तेवढं म्हनू नगासा, वस्ताद. हात जोडतो. तुमी म्हटलासा की मला वाट बघाय लागती."

वस्तादांनी तोंड मिटलं. त्या दिवशी माळावरच्या प्रत्येकानंच तिचं ऐकलं. इतकं ऐकलं की दसरा आला, पाऊस उघडला, जमीन वाळली, तालमीची पोरं कुस्त्यांना लागली, तरी चौदावं घर बांधू असं कुणी बोललं नाही.